आठवडाभर उभी राहिलेली जुनी गाडी पहिल्या सेलला चालू व्हावी म्हणून: फ्युएल पंपाचे पर्याय

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या गल्लीत दरवर्षी एकच तमाशा व्हायचा. काकांची पद्मिनी धुऊन-पुसून, झेंडूचा हार घालून तयार. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि काका सेल मारायला बसले, की गाडी नुसतीच खर्र-खर्र करायची. पाचव्या सेलला आवाज जड व्हायचा, आठव्याला नुसती टक. मग गल्लीतली पोरं धक्क्याला. लिंबू चिरडायचं ते धक्क्यानंच. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक ही जुनी शाही गाडी डौलात आली की काका म्हणायचे, "बघ की, वर्षातनं एकदा भाईर पडती, पण कशी चालती बघ!" त्या मेबॅकमागे किती हात राबत असतील, हे काकांना सांगून उपयोग नव्हता.

गाडी आता माझ्याकडे आहे आणि गेली चार वर्षं तिला धक्का लागलेला नाही. त्यासाठी काय केलं आणि काय करायला नको होतं, ते पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी लिहितोय. उदाहरणं पद्मिनीची येतील, पण अँबॅसिडर असो, कार्ब्युरेटरची जीप असो, तत्त्व तेच.

उभ्या गाडीत नेमकं होतं काय?

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या अंगाला पेट्रोलची एक छोटी वाटी असते, फ्लोट चेंबर. त्यात जेमतेम अर्धा कप पेट्रोल मावतं आणि इंजिन सुरू होतं ते या अर्ध्या कपावर. टाकी फुल असली तरी वाटी रिकामी असेल तर गाडी चालू होणार नाही. गाडी बंद केली की इंजिनाच्या धगीनं वाटीतलं थोडं पेट्रोल लगेच उडतं, उरलेलं हवेच्या भोकातून हळूहळू जातं. आठ-दहा दिवसांत वाटी कोरडी होते, एप्रिल-मेमध्ये त्याआधीच.

ती पुन्हा भरायचं काम फ्युएल पंपाचं. आपल्याकडे जुने मेस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतात. गार हवेचा इथं काही संबंध नाही, एसी हा असे पंप बनवणारा जुना ब्रँड. हा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. कॅमशाफ्ट या इंजिनातल्या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा पंपाचा लिव्हर हलवतो, लिव्हर आतला पडदा म्हणजे डायफ्राम ओढतो आणि टाकीतून पेट्रोल येतं. मग स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर एकेक एकेरी व्हॉल्व्ह. यंत्र साधं आणि चिवट आहे, पण एक गोची आहे: इंजिन फिरल्याशिवाय पंप चालत नाही आणि पंप चालल्याशिवाय इंजिन पेट घेत नाही.

हिशोब करून बघा. सेल मारताना इंजिन मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे फिरतं. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगानं, म्हणजे पंपाला मिनिटाला ७५ ते १०० ठोके. स्टार्टर एका दमात १० सेकंदांहून जास्त फिरवू नये, तो तापतो. म्हणजे एका सेलमध्ये पंपाच्या वाट्याला १२ ते १६ ठोके. तेवढ्यात मागच्या टाकीपासून पुढपर्यंतची नळी भरायची, मग वाटी भरायची. बॅटरी बसते ती इथं, आणि आपण दोष देतो बॅटरीवाल्याला.

पायरी १: दोष पेट्रोलचाच आहे का ते बघा

नवीन पंप घेण्याआधी हे करा. यात खर्च शून्य. गाडी आठवडाभर उभी ठेवा. सकाळी किल्ली न फिरवता एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्चचा उजेड मारा आणि हातानं अॅक्सिलरेटरचा लिव्हर ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. मग गुन्हेगार दुसरीकडे शोधा: चोकची (गार इंजिनासाठी हवा कमी करणाऱ्या झडपेची) केबल पूर्ण ओढली जात नसेल, ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट जळले असतील, प्लग काळे असतील. पिचकारी आली नाही तर वाटी कोरडी असण्याची शक्यता जास्त. एसयू या जुन्या ब्रिटिश ब्रँडच्या जातीच्या कार्ब्युरेटरला मात्र हा प्रयोग लागू नाही. त्याला पिचकारीचा पंपच नसतो, तिथं वाटीचं झाकण उघडूनच बघावं लागतं.

आता खात्री करून घ्या. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज आणा, वाटीच्या हवेच्या भोकातून २०-३० मिली पेट्रोल आत सोडा. सांडलेलं पुसून घ्या, सिरिंज आणि पेट्रोलचा डबा लांब ठेवा, मग चोक ओढून सेल मारा. गाडी ताडकन चालू झाली तर रोग समजला. खरं सांगायचं तर महिन्यातून एकदाच गाडी काढणाऱ्याला ही सिरिंज म्हणजेच पुरेसा इलाज आहे. पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल. फक्त कार्ब्युरेटरच्या घशात बदाबदा पेट्रोल ओतून सेल मारायची सवय लावून घेऊ नका. इंजिननं एकदा उलट भडका मारला की भुवया जातात.

पायरी २: आहे तो पंप धड आहे का?

इलेक्ट्रिक पंप बसवणाऱ्या निम्म्या लोकांचा मूळ पंपच आजारी असतो. माझाही होता.

कार्ब्युरेटरकडे जाणारा रबरी पाईप सोडवा, त्याचं तोंड बाटलीत घाला, कॉइलची वायर काढून ठेवा (ठिणगी नको) आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. नळी भरल्यावर प्रत्येक ठोक्याला पेट्रोलची ठसठशीत धार यायला हवी. नुसते बुडबुडे येत असतील तर टाकी ते पंप या वाटेत कुठेतरी हवा शिरते आहे. नवशिक्याला हे लवकर सुचत नाही, कारण या बाजूला पंप पेट्रोल ओढत असतो. तिथला पाईप चिरला तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही म्हणून माणूस निर्धास्त. टाकीजवळचे आणि पंपाजवळचे रबरी तुकडे वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या की बदला.

मग इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा पातळी आपोआप वर चढलेली दिसली, तर पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नका. ऑइल पातळ होऊन बेअरिंगं जातात. पडदा बदला, ऑइल बदला, मग पुढचं.

पडद्याचं किट मिळतं, पण घेताना एक प्रश्न विचाराच: इथेनॉलला चालतं का? आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या ते बनवतात, ऊस आपलाच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? पण जुन्या साठ्यातले पडदे आणि साधे रबरी पाईप या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. पाईप घेताना व्हायटॉनचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) आतला थर असलेला किंवा अंगावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेला घ्या. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. आपल्याकडच्या जुलैत, भिंतींना ओल सुटते त्या दिवसांत, अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी झाकली तर ऑगस्टमध्ये तळाशी पाणी सापडू शकतं. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी.

पंप इंजिनावर परत बसवताना मधली जाड फायबरची पट्टी आणि गॅस्केट होती तेवढ्याच जाडीची ठेवा. जाडी वाढली तर लिव्हरचा दाब कमी पडतो आणि पेट्रोल कमी येतं, जाडी घटली तर लिव्हर झिजतो. ही पट्टी इंजिनाची धगही अडवते. गगनबावड्याच्या घाटात मे महिन्यात पंपावर ओलं फडकं गुंडाळून उभी असलेली पद्मिनी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पट्टी का हवी ते सांगायला नको.

आणखी एक. काही एसी पंपांना खाली हातानं हलवायचा छोटा लिव्हर असतो. असेल तर सेल मारण्याआधी १५-२० वेळा हलवा, वाटी भरते. हालचाल जाणवलीच नाही तर कॅमचा उंचवटा पंप दाबून बसलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा, मग हलवा. लिव्हर नसेल तर बोटीच्या इंजिनांना लावतात तसा रबरी फुगा टाकी आणि पंप यांच्या मधल्या पाईपमध्ये बसवता येतो. चार-सहा वेळा दाबला की काम झालं. एकच अट: तो इथेनॉल सोसणारा हवा आणि सायलेन्सरपासून लांब हवा.

पायरी ३: इलेक्ट्रिक घ्यायचाच तर कोणता?

इथं मी सणसणीत आपटी खाल्ली आहे. एका दुकानात "कारचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप द्या" एवढंच म्हणालो आणि त्यानं दिला तो घेऊन आलो. तो निघाला इंजेक्शन गाडीचा. इंजेक्शनला साधारण ३ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या वर दाब लागतो. कार्ब्युरेटरला लागतो २ ते ३.५ पीएसआय. किल्ली फिरवली, पंप घूं करून सुरू झाला, वाटीतली फ्लोटची सुई त्या दाबापुढे कधीच हरली आणि पेट्रोल वाटीतून उतू जाऊन मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाच्या तापणाऱ्या नळकांड्यांवर. इंजिन गार होतं म्हणून मी आज हे लिहितोय. दुकानात पहिलं वाक्य म्हणा, "कार्ब्युरेटरच्या गाडीला, कमी दाबाचा." आणि पंपावर दाब लिहिलेला नसेल तर तो उचलूच नका.

कमी दाबाचे तीन प्रकार भेटतात. जुना एसयूसारखा पॉइंटचा पंप, जुन्या ब्रिटिश गाड्यांत असायचा तो. दिसायला झकास, पण पॉइंट साफ करत बसायची हौस पाहिजे. दुसरा चौकोनी डबीसारखा, आत पॉइंटऐवजी ट्रान्झिस्टर आणि ठोकणारा दट्ट्या. फॅसेट कंपनीचा प्रसिद्ध आहे, तशाच घडणीचे इतरही येतात. टक-टक-टक आवाज करतो, वीज जेमतेम एक-दीड अँपिअर खातो आणि १२ व्होल्टवर चालतो. तिसरा मोटरवर फिरणारा रोटरी. पेट्रोल भरपूर देतो, पण दाबही बहुतेक वेळा जास्त, म्हणून त्यापुढे प्रेशर रेग्युलेटर लागतो.

माझं मत विचाराल तर पद्मिनी-अँबॅसिडरला टक-टकवाला. १०८९ सीसीच्या इंजिनाला रोटरी म्हणजे नळाला धरण जोडल्यासारखं आहे.

गाडी जुनी ब्रिटिश असेल तर बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते आधी बघा. बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचं. ट्रान्झिस्टरवाला पंप उलटा जोडला की त्याच क्षणी जातो.

पायरी ४: जुन्यासोबत की जुन्याऐवजी?

लोक इथेच जास्त गोंधळतात. सकाळी वाटी भरून देणं आणि दिवसभर इंजिनाला पेट्रोल पुरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम तुमचा एसी पंप चोख करतोय ना? मग त्याला निवृत्त कशाला करायचं?

माझ्या गाडीत एसी पंप जागेवरच आहे. टाकीजवळ टक-टक पंप बसवलाय आणि डॅशबोर्डखाली एक बटण, दाबून धरलं तरच चालणारं, हात काढला की बंद. किल्ली ऑन करून बटण दहा-पंधरा सेकंद दाबायचं. आधी टक-टक भरभर येते, वाटी भरत आली की ठोके संथ होतात. ठोके संथ झाले की बटण सोडायचं, चोक ओढायचा, अॅक्सिलरेटर एकदा दाबून सोडायचा आणि सेल. दिवसभर मग एसी पंप त्या बंद पंपातूनच पेट्रोल ओढून घेतो. इलेक्ट्रिक पंप घेताना म्हणूनच विचारायचं, बंद असताना यातून पेट्रोल जातं का. जात नसेल तर तो या जोडणीला उपयोगाचा नाही.

या रचनेत एकच धोका आहे: एसी पंपाचा पडदा फाटला असेल तर मागचा पंप पेट्रोल सरळ ऑइलमध्ये ढकलतो. म्हणून पायरी २ टाळू नका, आणि नंतरही महिन्या-दोन महिन्यांनी डिपस्टिकचा वास घेत जा.

एसी पंप मेलाच असेल, सुटे भाग मिळत नसतील, तर तो काढून पूर्ण इलेक्ट्रिक करावं लागतं. मग इंजिनावरचं पंपाचं भोक बुजवा, नाहीतर तिथून ऑइल बाहेर येईल. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला जुनं गॅस्केट नमुना म्हणून द्या, ६ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमची पट्टी दोन भोकं पाडून तासाभरात मिळते. काढलेला पंप मात्र फेकू नका. २०२१ च्या नियमदुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी करता येते, पण त्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. उद्या तुमची गाडी तिथवर पोचली तर मूळ भाग हाताशी असलेले बरे. त्याच कारणानं बॉडीला नवीन भोकं न पाडता आहेत त्या बोल्टवर पट्टी बसवून काम भागवा.

पायरी ५: बसवणं

कामाआधी बॅटरीचं अर्थचं टोक काढा. काम मोकळ्या हवेत करा, बंद गॅरेजात नको. जवळ विडी-काडी नको आणि पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून किंवा विटा रचून खाली शिरू नका, स्टँड लावा.

पंपाची जागा टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली. हे पंप ढकलण्यात वाघ आणि ओढण्यात शेळी, म्हणून पुढे इंजिनाजवळ बसवायचा मोह टाळा; तिथं धगीनं नळीत वाफ धरते ते वेगळंच. डिकीच्या आत नको, वास आणि वाफ कोंडते. सायलेन्सरपासून लांब, रस्त्यावरचे दगड लागणार नाहीत अशा आडोशाला, रबरी बुशांवर बसवा. नाहीतर टक-टक अख्ख्या बॉडीत घुमते. पेट्रोल बाहेर पडायचं तोंड वरच्या बाजूला ठेवा आणि अंगावरचा बाण बघून मगच पाईप जोडा. मी बाण न बघता एकदा जोडला होता, जास्त बोलत नाही.

पंपाच्या आधी फिल्टर हवाच. जुन्या टाकीतला गंजाचा एक कण पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकला की सगळं मुसळ केरात. २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी ज्या गाडीनं पाहिलंय, तिची टाकी उतरवून आतून साफ केल्याशिवाय तर पंपाला हातच लावू नका. पाईपला भोकं पाडलेल्या पट्टीची क्लिप घट्ट आवळली तर रबर कापलं जातं, गुळगुळीत पट्टीची क्लिप वापरा.

वायरिंग बटणवाल्या रचनेत सोपं आहे: किल्ली ऑन केल्यावर वीज येणाऱ्या वायरीतून ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून बटण, तिथून पंप, आणि पंपाची दुसरी वायर रंग खरवडून बॉडीला. सतत चालणारा पंप असेल तर रिले (जास्त वीज सोसणारा, विजेवरच चालणारा स्विच) घाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबेल अशी सोय करा. अपघातात पाईप तुटला, किल्ली ऑनच राहिली आणि पंप पेट्रोल ओतत राहिला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच मिळतो. कॉइलचे ठोके थांबले की पंप बंद करणारा सेफ्टी रिलेही मिळतो. ऑइल प्रेशर स्विचवरूनही करता येतं, पण डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचा स्विच इथं चालत नाही. तो दाब नसताना जोडलेला असतो, आपल्याला दाब आल्यावर जोडणारा हवा. बटण दाबून धरायच्या रचनेत मात्र ही सगळी भानगडच नाही, मी तिच्या बाजूचा आहे तो यामुळेही.

पायरी ६: पहिली चाचणी

बॅटरी जोडा, किल्ली ऑन करा, पण सेल मारू नका. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवायचं. ओल लागली की थांबा. ठोके संथ होतच नसतील तर तीन शक्यता: टाकी रिकामी, कुठे तरी गळती, किंवा फ्लोटची सुई बसत नाही आणि वाटी उतू जाते आहे. सुई जुनी असेल तर पंपासोबत तीही बदलून टाका.

प्रेशर गेज मिळालं तर कार्ब्युरेटरजवळ लावून बघा. काटा ३.५ पीएसआयच्या वर जात असेल तर रेग्युलेटर लावा, आणि गेजवर बघतच तो खाली आणा.

आता गाडी आठ दिवस उभी करा. नवव्या दिवशी बटण, चोक, सेल. माझी पहिल्या वेळी तिसऱ्या सेलला चालू झाली होती, कारण कोरड्या राहिलेल्या नळीत हवा भरली होती आणि मी बटण पाचच सेकंद दाबलं. दुसऱ्या आठवड्यापासून पहिल्या सेलला. त्या वर्षी खंडेनवमीला लिंबू गाडीनं स्वतःच चिरडलं. धक्क्याला जमलेली पोरं जरा नाराज झाली, त्यांना वडापाव दिला.